एम्बेडेड लिनक्सवर होम डिरेक्टरी: बोर्ड चालू केल्यापासून पहिलं अपडेट पचेपर्यंत

खारघरच्या एका सोसायटीची पंपरूम. मी उलट्या बादलीवर बसलोय, मांडीवर लॅपटॉप, त्यातून निघालेली सिरीयल केबल पॅनेलमधल्या बोर्डात गेलीय, आणि वॉचमन दर दहा मिनिटांनी डोकावून विचारतोय, "झालं का साहेब? पाणी सोडायचंय."

टाकीतल्या पाण्याची पातळी मोजणारे आमचे चाळीस लॉगर कोपरखैरण्यापासून खारघरपर्यंत विखुरलेले होते. आदल्या रात्री रबाळ्यातल्या ऑफिसात बसून मी सगळ्यांवर नवी इमेज (बोर्डावर एकदम चढवायची अख्खी सिस्टम) सोडली. इमेज नीट चढली, लॉगर पाणी मोजायला लागले, पण चाळीसपैकी एकाही बोर्डात मला एसएसएचने (दुरून लॉगिन करायची सोय) शिरता येईना. माझी की (पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल) मी प्रत्येक बोर्डावर हाताने टाकली होती, रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, होम डिरेक्टरीत, त्याच्या स्वतःच्या फोल्डरात. ती डिरेक्टरी जुन्या इमेजबरोबरच गेली. चूक सर्वस्वी माझी. पुढचे चार दिवस बादल्यांवर काढले.

तेव्हापासून नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात मी हा विषय शिकवतो. तुम्ही बिल्डरूट किंवा योक्टो या बिल्ड साधनांनी एकदा तरी इमेज बनवलीय आणि सिरीयल कन्सोलवर लॉगिन करता येतं, एवढं धरून चालतो.

आज्ञांबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. माझं निम्मं काम फोनवर चालतं: साइटवरचा मुलगा टाइप करतो, मी इथून बोलतो. म्हणून आज्ञा आणि पाथ इथे बोलतो तसेच लिहिलेत. "ईटीसी" म्हणजे ती तीन अक्षरं, "पासडब्ल्यूडी" म्हणजे पासवर्ड या शब्दातले ओ आणि आर गाळून उरतं ते. कीबोर्डवर सगळं लहान रोमन अक्षरांत. कॅपिटल लागतील तिथे तसं सांगेन.

पायरी १: आहे ते आधी बघा

कन्सोलवर रूट म्हणून लॉगिन करा आणि या तीन गोष्टी विचारा:

इको $होम (यातलं होम कॅपिटलमध्ये)
ग्रेप ^रूट: /ईटीसी/पासडब्ल्यूडी
एलएस -एलडी /होम/रूट

दुसऱ्या आज्ञेचं उत्तर साधारण असं दिसेल:

रूट:एक्स:०:०:रूट:/होम/रूट:/बिन/एसएच

कोलनने तोडलेले सात रकाने. नाव, पासवर्डची जागा, युजरचा नंबर, ग्रुपचा नंबर, शेरा, होम डिरेक्टरी, शेल. आपल्याला हवा तो सहावा. लॉगिन, ड्रॉपबेअर (छोटा एसएसएच सर्व्हर), क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा), सगळे हाच रकाना वाचतात.

इथे नवे लोक तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. सहावा रकाना म्हणजे सातबारा. सातबारावर नाव असलं म्हणजे जागेवर घर उभं असतंच असं नाही. ती डिरेक्टरी खरोखर आहे का, कुणाच्या मालकीची आहे, हा प्रश्न निराळा, आणि त्याचं उत्तर एलएस देतं. तिसरी गोष्ट $होम. ते व्हिजिटिंग कार्डावर छापलेल्या पत्त्यासारखं आहे: लॉगिन करताना सातबारावरून उतरवून घेतलेलं, आणि मधल्या कुणीही खोडून दुसरं लिहू शकेल असं. या तिन्ही गोष्टी जुळल्या तर सगळं सुरळीत. होम डिरेक्टरीचा कुठलाही घोळ माझ्याकडे आला की मी आधी या तिघांपैकी कोण खोटं बोलतंय ते शोधतो.

सातबारा आहे पण घर नाही, अशा बोर्डावर काय होतं ते मुद्दाम करून बघा. टेबलावरच्या बोर्डावर रूटच्या होमचं नाव एमव्हीने बदला आणि पुन्हा लॉगिन करा. बिझीबॉक्स (लहान बोर्डांवर लॉगिनसकट रोजच्या आज्ञा पुरवणारा प्रोग्रॅम) कुरकुरतो, त्या डिरेक्टरीत जाता येत नाही म्हणतो, पण आत घेतो आणि थेट / मध्ये उभा करतो. हा संदेश बूटच्या ओळींच्या गर्दीत सहज निसटतो. एकदा डोळ्याखालून गेला की मग विसरत नाही.

पायरी २: हे ठरवलं कुणी?

डेस्कटॉपवर साध्या युजरचं घर /होमखाली आणि रूटचं थेट /रूट. यामागे कारण आहे. /होम पुष्कळदा वेगळ्या पार्टिशनवर असतं, ते कधी माउंट झालं (सिस्टमला जोडलं गेलं) नाही तर दुरुस्तीला आलेल्या रूटला तरी घर हवं. २०१५ साली आलेल्या फाइलसिस्टम हायरार्की स्टँडर्डच्या ३.० आवृत्तीतही रूटसाठी /रूट हीच शिफारस आहे, आणि /होम तर मुळात ऐच्छिकच धरलंय.

बिल्डरूट आणि ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवरचं लिनक्स) दोघंही /रूट वापरतात. योक्टोने मात्र वर्षानुवर्षं /होम/रूट ठेवलं, आणि साइटवरच्या बऱ्याच बोर्डांवर तुम्हाला तेच सापडेल. बोर्डाबरोबर बीएसपी (त्या बोर्डासाठी जुळवलेलं सॉफ्टवेअर) देणारे आपली अक्कल चालवून हे बदलतातही. म्हणून अंदाज बांधू नका, बिल्ड मशीनवर बिटबेकला, म्हणजे योक्टोच्या बिल्ड चालवणाऱ्या आज्ञेला, विचारा:

बिटबेक -ई | ग्रेप ^रूट_होम=

"रूट_होम" पूर्ण कॅपिटलमध्ये, मध्ये अंडरस्कोर. उत्तर एका ओळीचं येतं.

ओपनडब्ल्यूआरटीचं एक वेगळेपण लक्षात ठेवा. तिथे रूटच्या एसएसएच कीज होममध्ये नसतात, /ईटीसी/ड्रॉपबेअर/ऑथोराइज्ड_कीज मध्ये असतात. राउटरवर शिकलेला माणूस योक्टोच्या बोर्डावर आला, किंवा उलट, की हमखास इथे अडखळतो.

पायरी ३: बदल बिल्डमध्ये करा, बोर्डावर नको

बोर्डावर व्हीआयने पासडब्ल्यूडी उघडून सहावा रकाना बदलला की काम झालं, असं वाटतं. त्या एका बोर्डापुरतं आणि पुढची इमेज चढेपर्यंत झालंही. प्रयोग म्हणून जरूर करा. फक्त तेव्हा दुसरं एक लॉगिन उघडं ठेवा, कारण त्या फाइलीत कोलन चुकला तर नव्याने आत शिरता येत नाही. बिझीबॉक्सवर युजरमॉड नसतं, त्यामुळे हातानेच करावं लागतं. शॅडो या युजर सांभाळणाऱ्या पॅकेजची पूर्ण हत्यारं असतील तर "युजरमॉड -डी नवा-पाथ -एम नाव" ही आज्ञा रकानाही बदलते आणि आतलं सामानही हलवते. पण त्या युजरची एखादी प्रोसेस चालू असेल तर ती नकार देते, आणि रूटची तर कायमच चालू असते.

योक्टोमध्ये रूटचं घर हलवायला तुमच्या डिस्ट्रो कॉन्फिगमध्ये एक ओळ पुरते:

रूट_होम = "/रूट"

लोकल डॉट कॉन्फमध्ये टाकली तरी चालते, पण ती फाइल तुमच्या मशीनवर राहते आणि शेजारच्या टेबलावरचा बिल्ड जुनंच घर घेऊन निघतो. बेस-पासडब्ल्यूडी आणि बेस-फाइल्स या दोन रेसिपी (एकेक पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या फाइली) हा व्हेरिएबल वाचतात: पहिली सातबारा लिहिते, दुसरी घर बांधते. तुमच्या स्वतःच्या रेसिपीत रूटच्या घरात काही ठेवायचं असेल तर पाथ हाताने लिहू नका, तिथेही हाच व्हेरिएबल वापरा.

वेगळा युजर हवा असेल, आणि फिल्डवर जाणाऱ्या वस्तूत तो हवाच, तर रेसिपीत युजरॲड हा क्लास इन्हेरिट करा आणि युजरॲड_परॅम मध्ये -यू नंबर, -डी होम, -एस शेल द्या. इंटरनेटवरची जुनी उदाहरणं उतरवताना जपा. २०२१ च्या ३.४ आवृत्तीपासून, म्हणजे हॉनिस्टरपासून, पॅकेजचं नाव अंडरस्कोरऐवजी कोलनने जोडतात. नंबर द्यायला का सांगतोय ते पायरी ५ मध्ये कळेल.

बिल्डरूटमध्ये युजर्स टेबल नावाची साधी मजकूर फाइल असते आणि मेन्यूकॉन्फिगमध्ये तिचा पाथ द्यायचा असतो. एका ओळीत एक युजर: नाव, युजर नंबर, ग्रुप, ग्रुप नंबर, पासवर्ड, होम, शेल, जास्तीचे ग्रुप, शेरा. उदाहरणार्थ:

ऑपरेटर १२०० ऑपरेटर १२०० * /डेटा/होम/ऑपरेटर /बिन/एसएच - पाणी लॉगर

होमच्या जागी नुसतं - लिहिलंत तर घर बांधलं जात नाही आणि सहाव्या रकान्यात / येतं. सर्व्हिसच्या युजरला ते ठीक, माणूस लॉगिन करणार असेल तर चालणार नाही. पासवर्डच्या जागी * म्हणजे पासवर्डने प्रवेश नाही, फक्त कीने.

बदल झाला का हे बघायला नवे लोक आउटपुट/टार्गेट मध्ये जाऊन पासडब्ल्यूडी उघडतात, त्यात आपला युजर दिसत नाही, आणि अर्धा दिवस जातो. बिल्डरूटने त्या फोल्डरमध्ये चक्क एक फाइल ठेवलीय, तिचं नावच "धिस इज नॉट युअर रूट फाइलसिस्टम", तेही सगळं कॅपिटलमध्ये. ओरडून सांगतायत, तरी कुणी वाचत नाही. युजर्स शेवटच्या टप्प्यात, इमेज बांधताना जोडले जातात. म्हणून तपासायची ती इमेज. टार फॉरमॅट चालू ठेवा आणि "टार टीव्हीएफ रूटएफएस.टार" ने यादी बघा, प्रत्येक फाइलीसमोर मालकाचं नाव आणि परवानग्याही दिसतात. बोर्डाला हात न लावता निम्म्या चुका इथेच सापडतात.

पायरी ४: वासे मोजा

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. रूटचं घर /होम/रूट वरून /रूट वर नेलंत की जिथे जिथे जुना पाथ हाताने लिहिलाय ते सगळं मोडतं. स्टार्टअप स्क्रिप्ट, क्रॉनच्या ओळी, पायथनच्या फाइली, सर्व्हिस युनिट, आणि तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या कुणीतरी लिहिलेली बॅकअपची स्क्रिप्ट. आपल्या लेयरमध्ये (योक्टोतलं आपल्या रेसिपींचं फोल्डर) किंवा ओव्हरलेमध्ये (बिल्डरूटने इमेजमध्ये जशाच्या तशा टाकायच्या फाइलींचं फोल्डर) "ग्रेप -आरएन /होम/रूट" चालवा. येईल त्या प्रत्येक ओळीत पाथ बदलण्यापेक्षा तिथे होम खरंच लागतं का हे विचारा. माझ्या अनुभवात बहुतेक ठिकाणी लागत नाही; कॉन्फिगरेशन /ईटीसी मध्ये आणि डेटा /व्हार/लिब मध्ये असायला हवा होता.

रास्पबेरी पायवाल्यांनी हे चांगलंच अनुभवलंय. एप्रिल २०२२ मध्ये रास्पबेरी पाय ओएसमधून "पाय" हा ठरलेला युजर काढला गेला, सुरक्षेसाठी, आणि ते योग्यच होतं. पण असंख्य धडे, स्क्रिप्ट आणि कॉलेजचे प्रोजेक्ट /होम/पाय गृहीत धरून लिहिलेले होते. आमच्याकडे येणाऱ्या ट्रेनींच्या प्रोजेक्टमध्ये अजूनही तो पाथ निघतो, आणि मुलाखतीत मी त्यावर हमखास प्रश्न विचारतो.

पायरी ५: केवळ-वाचनीय रूट आणि डेटा पार्टिशन

हा सगळ्यात मोठा भाग. इथे घाई करू नका.

आमच्या गल्लीत देखभालीच्या दिवशी लाइट जाते, सोसायटीत तर कधीही जाते, आणि पंपरूममधला लॉगर कुणी नीट बंद करत नाही. लिहिता लिहिता वीज गेली की फाइलसिस्टम बिघडू शकते. म्हणून शहाणे लोक रूट फाइलसिस्टम केवळ-वाचनीय ठेवतात. योक्टोत इमेज_फीचर्स मध्ये "रीड-ओन्ली-रूटएफएस" जोडलं की ते होतं. त्यात भर अपडेटची. रॉक, एसडब्ल्यूअपडेट, मेंडर यांपैकी अपडेटचं कुठलंही साधन वापरा, नेहमीची मांडणी अशी असते: रूटची दोन पार्टिशनं, अ आणि ब, एकावर चालायचं, दुसऱ्यावर नवी इमेज लिहायची, मग अदलाबदल. शिवाय एक डेटा पार्टिशन, ज्याला अपडेट हात लावत नाही. मेंडरमध्ये ते /डेटा वर माउंट होतं.

आता विचार करा, घर कुठे आहे? रूट पार्टिशनवर असेल तर केवळ-वाचनीय असताना त्यात काही लिहिता येणार नाही, आणि लिहिता येत असेल तरी पुढच्या अपडेटला सगळं जाईल. माझ्या चाळीस कीज अशाच गेल्या.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे डेटा पार्टिशन थेट /होम वर माउंट करणं. साध्या युजरपुरतं ते चालतं. पण योक्टोच्या जुन्या मांडणीत रूटचं घरही /होमखालीच आहे! माउंट होताच इमेजमधलं /होम/रूट त्याच्याखाली झाकलं जातं. पुसलं जात नाही, पण दिसत नाही; सतरंजी उचलल्याशिवाय खालची फरशी दिसत नाही तसं. इमेजमध्ये टाकलेली की तिथेच असते आणि ड्रॉपबेअरला सापडत नाही. वर गंमत अशी की डेटा पार्टिशन एखाद्या दिवशी माउंट झालंच नाही तर तीच की पुन्हा चालायला लागते. एका बोर्डावर लॉगिन होतं, शेजारच्यावर नाही, दोन्हींवर इमेज तीच. असा घोळ फोनवरून सुटत नाही, मी प्रयत्न केलाय.

म्हणून माझी मांडणी अशी, आणि नव्या प्रॉडक्टमध्ये मी यावर वाद घालत नाही:

रूटचं घर /रूट, रूट पार्टिशनवर, इमेजमध्ये भाजलेलं. त्यात किरकोळ प्रोफाइल, आणि लागत असेल तर दुरुस्तीची एक की, तीही बिल्डमधूनच आलेली. बोर्डावर हाताने तिथे काही ठेवायचं नाही.

रोजच्या कामाच्या युजरचं घर /डेटा/होम/ऑपरेटर, डेटा पार्टिशनवर.

प्रोग्रॅमचा डेटा या दोन्हींत नाही. तो /डेटा खाली त्याच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये.

दुसऱ्या ओळीत एक अडचण लपलीय. इमेज बनते तेव्हा डेटा पार्टिशन रिकामं असतं. बिल्डने बांधलेलं /डेटा/होम/ऑपरेटर हे रूट पार्टिशनवरच्या /डेटा मध्ये राहतं आणि माउंट झाल्यावर झाकलं जातं. म्हणजे पुन्हा सतरंजी. त्यामुळे पहिल्या बूटला घर बांधणारं कुणीतरी हवं. सिस्टमडी (बूटच्या वेळी सर्व्हिस सुरू करणारी व्यवस्था) असेल तर टीएमपीफाइल्स.डी मध्ये एक ओळ:

डी /डेटा/होम/ऑपरेटर ०७५० ऑपरेटर ऑपरेटर -

डिरेक्टरी नसेल तर ती बनवते; असेल तर आतल्या फाइलींना धक्का लावत नाही, मालक आणि परवानगी तेवढी जुळवते. सिस्टमडी नसेल तर इनिटची, म्हणजे बूटच्या वेळी चालणारी, सहा-सात ओळींची स्क्रिप्ट लिहा: डिरेक्टरी आहे का बघ, नसेल तर एमकेडीआयआर, सीएचओन, सीएचमॉड. ती डेटा माउंट झाल्यानंतर आणि ड्रॉपबेअरच्या आधी चालली पाहिजे. क्रम चुकला तर घर पुन्हा झाकलेल्या बाजूला बांधलं जातं. सिस्टमडीत तुमच्या सर्व्हिसला "रिक्वायर्स-माउंट्स-फॉर" (जोडून, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल) = /डेटा दिलंत की क्रमाची काळजी ते घेतं.

आणि आता नंबरची गोष्ट. डिस्कवर मालकाचं नाव नसतं, नंबर असतो. बिल्डला नंबर स्वतः निवडू दिलात तर आज ऑपरेटर १००० असेल, आणि पुढच्या महिन्यात इमेजमध्ये एक पॅकेज वाढलं की तो १००१ होऊ शकतो. डेटा पार्टिशनवरच्या फाइली मात्र १००० च्याच राहतात. अपडेटनंतर ऑपरेटर स्वतःच्याच घरात भाडेकरूसारखा उभा. म्हणून युजर नंबर पहिल्या दिवसापासून ठरवून टाका. योक्टोत सगळ्या सिस्टम युजरांसाठी युजरॲड-स्टॅटिकआयडीज हे एक्स्टेन्शन आहे, टेबलात नंबर लिहून द्यायचे. बिल्डरूटच्या युजर्स टेबलात -१ लिहिलं की तो स्वतः नंबर निवडतो. तो -१ लिहायचा मोह टाळा.

घर टीएमपीएफएसवर (रॅममधल्या फाइलसिस्टमवर) ठेवावं का, असं कुणीतरी नेहमी विचारतं. शेल हिस्टरी रीबूटला गेली तरी चालणार असेल तर खुशाल ठेवा. फ्लॅश मेमरीची झीजही वाचते.

पायरी ६: "हाताने चालवलं की चालतंय"

मागच्या महिन्यात ट्रेनी मुलीचा तुर्भ्याच्या साइटवरून फोन.

"सर, प्रोग्रॅम हाताने चालवला की चालतोय. रीबूट केलं की सेटिंगच वाचत नाही."

"सेटिंगची फाइल कुठेय?"

"होममध्ये, डॉट कॉन्फिगमध्ये."

"कुणाच्या होममध्ये?"

"...रूटच्या?"

"एलएस -एलए / कर. एक डॉट कॉन्फिग तिथेही दिसतंय का?"

पाच सेकंद शांतता. "हो सर. हे इथे कसं आलं?"

असं आलं: कर्नल पहिली प्रोसेस सुरू करतो तेव्हा तिच्या हातात $होम म्हणून नुसता / ठेवतो. बिझीबॉक्सचा इनिटही तेच करतो. इनिट स्क्रिप्टमधून सुरू झालेल्या प्रोग्रॅमला सातबारा कुणी दाखवलेलाच नसतो, कारण मध्ये लॉगिन झालेलं नाही. तो /.कॉन्फिग मध्ये फाइल शोधतो, सापडत नाही, आणि आज्ञाधारकपणे तिथे कोरी फाइल बनवतो. रूट केवळ-वाचनीय असेल तर तेही जमत नाही आणि काही प्रोग्रॅम चुपचाप ठरलेल्या किमतींवर चालत राहतात. दुसरा प्रकार जास्त वाईट.

सिस्टमडीत थोडं निराळं आहे. सर्व्हिसमध्ये युजर= लिहिलं असेल तर $होम त्या युजरच्या सहाव्या रकान्यातून मिळतं. लिहिलं नसेल, म्हणजे सर्व्हिस रूट म्हणून चालत असेल, तर $होम मुळात असतच नाही. गो किंवा पायथनमधल्या काही लायब्ररी यावर चिडून पडतात.

शोधायची युक्ती सोपी. सुरू करणाऱ्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत "ईएनव्ही > /टीएमपी/ईएनव्ही" लिहा, रीबूट करा आणि फाइल वाचा. अंदाज बांधण्यापेक्षा स्वस्त. तोडगा म्हणून स्क्रिप्टमध्ये $होम एक्सपोर्ट करता येतं, पण प्रोग्रॅमला कॉन्फिगचा पूर्ण पाथ देणं जास्त चांगलं. सिस्टमडीत स्टेट-डिरेक्टरी= वापरलंत तर /व्हार/लिब खाली योग्य मालकाचं फोल्डर बनवून मिळतं आणि होमची गरजच संपते. केवळ-वाचनीय रूट असेल तर /व्हार/लिब डेटा पार्टिशनवर नेलंय ना, एवढं बघा.

त्याच युनिटमध्ये कुणी सुरक्षेसाठी प्रोटेक्ट-होम=ट्रू टाकलं असेल तर त्या सर्व्हिसला /होम आणि /रूट दोन्ही रिकामे दिसतात. बाकी सगळ्यांना फाइल दिसते, सर्व्हिसला नाही. हे मी एकदा दुपारी तीनपासून रात्री नऊपर्यंत शोधत होतो.

पायरी ७: परवानग्या, आणि ७७७ नावाचा बाम

डोकं दुखलं बाम, पोट दुखलं बाम, तसं आमच्या धंद्यात काहीही लिहिता आलं नाही की सीएचमॉड ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी. घराला ७७७ लावलंत की लिहिता येईल, पण की वापरून लॉगिन बंद पडेल. ड्रॉपबेअर आणि ओपनएसएसएच दोघंही होम डिरेक्टरी, तिच्यातलं .एसएसएच आणि ऑथोराइज्ड_कीज फाइल, तिन्ही तपासतात. मालक तो युजर किंवा रूट हवा, आणि ग्रुपला किंवा इतरांना लिहिण्याची परवानगी नको. एकही अट मोडली तर की नाकारली जाते. क्लायंटला कारण कळत नाही, ते फक्त बोर्डाच्या लॉगमध्ये येतं. घर ७५०, .एसएसएच ७००, फाइल ६००, एवढं ठेवलं की वाद नाही.

बिल्डकडूनही परवानग्या बिघडतात. गिट फाइल चालवण्याजोगी आहे की नाही एवढंच लक्षात ठेवतं. ७०० किंवा ६०० ते ठेवत नाही. बिल्डरूटचा ओव्हरले सगळ्यांना वाचण्याची परवानगी देऊन कॉपी होतो. ऑथोराइज्ड_कीज ला ते चालतं, पण बोर्डावर खासगी की ठेवली असेल तर एसएसएच क्लायंट ती उघडी आहे म्हणून वापरत नाही. अशा फाइली परमिशन टेबलमध्ये लिहून ६०० करा.

योक्टोत एक चकवा आहे. बिल्ड करणाऱ्याचा स्वतःचा युजर नंबर चुकून पॅकेजमधल्या फाइलींना लागला तर बिटबेक "होस्ट-युजर-कंटॅमिनेटेड" अशी तक्रार करतो. पण ही तपासणी /होमखालच्या फाइली वगळते! म्हणजे आपल्याला जिथे सगळ्यात जास्त हवी तिथेच ती नाही. होममध्ये फाइली टाकणाऱ्या रेसिपीत डू_इन्स्टॉलमध्ये सीएचओन स्वतः लिहा.

पायरी ८: टेबलावर छळून बघा

फिल्डवर पाठवण्याआधी आम्ही एका बोर्डाचा क्रमाने छळ करतो. कोरी डेटा पार्टिशन घालून पहिला बूट, ऑपरेटरने कीने लॉगिन. होममध्ये एक फाइल बनवायची, "एसवायएनसी" (लिहायचं राहिलेलं डिस्कवर उतरवणारी आज्ञा) द्यायचं आणि थेट प्लग ओढायचा. पुन्हा बूट, फाइल आहे का. मग जुन्या इमेजवरून नव्या इमेजवर अपडेट, पुन्हा लॉगिन, पुन्हा तीच फाइल. मग उलट दिशेने, नवीवरून जुनीवर, कारण अपडेट फसलं की बोर्ड आपोआप मागे जातो आणि तो रस्ता कुणी तपासलेला नसतो. शेवटी डेटा पार्टिशन मुद्दाम खराब करून बूट: ऑपरेटरला आत येता येणार नाही, पण रूटला कन्सोलवरून /रूट मध्ये उभं राहता आलं पाहिजे.

प्रत्येक टप्प्यानंतर एकच आज्ञा: एलएस -एलएन /डेटा/होम. एन दिल्यामुळे नावाऐवजी नंबर दिसतात. अपडेटच्या आधी १२०० होता आणि नंतरही १२०० आहे, हे कागदावर लिहून घ्या आणि मगच लॉगर खोक्यात भरा.